ठकूचे उस्ताद

दौलत खिल्लारे यांच्यावर अन्याय झाला. कधी, कुठे, तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी "असं काही घडलंच नाही" म्हणायला नको. याच हिवाळ्यात, नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, करंजाड्याच्या कडेला नदीच्या बाजूला असलेल्या घोडेस्वारीच्या क्लबात, दीडेकशे माणसांसमोर, माईकवरून त्यांना सांगण्यात आलं, "मामा, खाली उतरा." ज्या घोडीवरून उतरायला सांगितलं ती घोडी त्यांनी तीन वर्षं खपून शिकवली होती. घोडी क्लबाची होती, मान्य. पण तिच्यातलं जे बघायला ती दीडशे माणसं जमली होती, ते मामांचं होतं.

मी पत्रकं लिहिते. कामगारांची, भाडेकरूंची, पाण्याच्या टँकरची. पत्रकात माणूस दोन ओळींत बसवावा लागतो. मामा दोन ओळींत बसत नाहीत. म्हणून हे लांबलंय, वाचायला जरा वेळ काढा.

त्यांना मी पहिल्यांदा बघितलं ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात. माझे बाबा तिथे माथाडी. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी गेटवर पत्रकं वाटत होते आणि समोर एक घोडी उभी होती. ट्रेलरमधून सळ्यांचे भारे उतरत होते. एक भारा पडला की कानाचे पडदे फाटतील असा आवाज. कुत्री पळत होती, मीसुद्धा दर वेळी खांदे उडवत होते. आणि ही तांबूस रंगाची घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, नुसता एक कान हलवून उभी. तिच्याशेजारी खाकी पँट, पांढरा सदरा, पायात स्लीपर घातलेला पन्नाशीपलीकडचा बारीक माणूस. दोर हातात इतका सैल धरलेला, जणू पिशवीच धरलीय.

मी जवळ गेले, पत्रक पुढे केलं. तेवढ्यात वारा आला, हातातला गठ्ठा सुटला, कागद फडफडत घोडीच्या पायांत गेले आणि सळ्यांना न बधणारी ती घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

माथाडी हसायला लागले. तो माणूस हसला नाही. घोडीला दोन गोल फिरवून शांत केलं, एक कागद उचलला, उलटसुलट बघितला.

"टनभर लोखंडाला नाही भेली ती," ते म्हणाले. "तुझ्या कागदाला भेली. काय लिव्हलंय एवढं?"

"किमान वेतन," मी म्हटलं.

"मग भ्यायचंच होतं. अजून हायेत का कागद?"

"आहेत ना. कुणाला वाटणार?"

"हिला."

मला वाटलं, थट्टा करतायत. तिसऱ्या दिवशी क्लबाच्या तबेल्यात गेले तर माझी पत्रकं सुतळीला ओवून घोडीच्या गव्हाणीवर तोरणासारखी टांगलेली. घोडी किमान वेतनाखाली मान घालून निवांत हरभरे खात होती. मी आजवर लिहिलेल्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं पत्रक ते.

क्लबाच्या कागदावर तिचं नाव 'डचेस'. मामा म्हणायचे ठकू. शर्यतीतून बाद झालेली होती. आणली तेव्हा माणूस दिसला की चावायची, तोंड दगडासारखं, लगाम ओढून ओढून जबड्याच्या कोपऱ्यांना घट्टे पडलेले. क्लबाने ती आणली कारण अशी घोडी कोणाला नको असते, म्हणून स्वस्तात मिळते. मामांनी पहिले पंधरा दिवस तिला हात लावला नाही. तबेल्यातल्या तिच्या जागेत, तिच्याकडे पाठ करून, उलट्या बादलीवर बसायचे. भाकरी तिथे खायची, पेपर तिथे वाचायचा. सोळाव्या दिवशी तिने मागून येऊन त्यांच्या मानेचा वास घेतला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं होतं.

"काय करायचं? पान उलटलं पेपरचं."

हे एवढंच सांगायचे. पंधरा दिवसांत चार वेळा तिने चावून त्यांचा दंड फोडला होता, ते मला दुसऱ्या माणसाकडून कळलं.

लोखंड बाजारात रोज आणण्याचं कारणही सरळ होतं. करंजाड्याहून कळंबोली, दोघं चालत, उजाडता निघायचं. "हिच्यावर पोरं बसणार. फटाका वाजंल, ट्रक दम सोडंल, कुणी छत्री उघडंल. जगातला सगळा आवाज हिनं आधीच ऐकून ठेवला पायजे. एकदा बाजार ऐकला की मग काय राहिलं?" आधी गेटबाहेर, मग गेटपाशी, मग आत, मग क्रेनखाली. आठ महिने. पावसात, उन्हात. माथाड्यांनी तिच्यासाठी गुळाचा खडा ठेवायला सुरुवात केली. बाबा घरी येऊन आईला सांगायचे, "आगं, आज तुज्या लेकीपरीस ती घोडी गुमान हुबी व्हती."

मलाही बसायचं होतं घोडीवर. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आमच्या अख्ख्या खानदानात कोणी बसलं नव्हतं, हे एक कारण. मामा म्हणाले, "ये की. पण चाळीस दिवस शेजारून चालायचं. आधी पायानं वळख करायची."

चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीसाव्या दिवशी मी म्हटलं, "मामा, एका दिवसाने काय फरक पडतो?" ते म्हणाले, "मग तुला तरी कामून घाई?" मी चालले. खरारा करायला शिकले, खुरांतली माती काढायला शिकले, तिच्या शेपटीचे फटके तोंडावर खाल्ले. तिचा डावा कान मागे गेला की ती कंटाळलीय आणि दोन्ही गेले की आपण बाजूला व्हायचं, हे कळायला लागलं. सभेत माणसं कधी उठून जाणार हे मला आता आधी कळतं. ते मी या घोडीकडून शिकले.

एकेचाळीसाव्या दिवशी त्यांनी मला वर बसवलं आणि मग त्यांची खरी शिकवण सुरू झाली. लगामाचा पट्टा तोंडातल्या कडीला बकलाने बांधतात. मामांनी दोन्ही बाजूंची बकलं काढून तिथे शिवणीचा साधा पांढरा दोरा बांधला. एकच पदर. घोडी त्यांच्या हातातल्या लांब दोराला होती, त्यामुळे मला धोका नव्हता. पण मी जरा जोराने लगाम ओढला की दोरा तुटायचा. टक्. मामा यायचे, खिशातून रीळ काढायचे, दाताने दोरा तोडून नवा बांधायचे आणि मला पुन्हा पहिल्या खुणेपासून सुरुवात. टक्. पुन्हा रीळ. पहिल्या सकाळी मी इतके दोरे तोडले की शेवटी रडकुंडीला आले.

"मी ओढतच नाहीये!"

"तू न्हाई ओढत. तुझी भीती ओढायली. ती हातात कामून आणतेस? ढुंगणाखाली ठेव अन् बस तिच्यावर."

महिना गेला. मांड्यांची कातडी सोलली. आई विचारायची, हे कसलं आंदोलन. आणि मग एका सकाळी, दुडकी चाल चालू होती, मी वळणावर नुसती नजर फिरवली, कंबर अर्धा इंच वळली असेल, आणि ठकू वळली. मी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण हाताने नाही. अंगातून काहीतरी गेलं आणि तिने ते घेतलं. अख्खी फेरी झाली, दुसरी झाली. उतरले तेव्हा दोन्ही दोरे जसेच्या तसे होते. मी वेड्यासारखी हसत होते.

मामांनी ते दोरे सोडले, गुंडाळून परत रिळाला लावले. "चालतेत अजून," म्हणाले. कौतुक म्हणून मला एवढंच मिळालं. कोणत्याही सभेतल्या टाळ्यांपेक्षा मला ते जास्त वाटतं. मेहनतीचं फळ मिळतं असं मी पत्रकात कधीच लिहीत नाही, कारण बहुतेकांना ते मिळत नाही हे मला माहीत आहे. पण त्या सकाळी मिळालं होतं. खोटं कशाला बोलू.

एकदा नदीवर ठकूला आंघोळ घालताना त्यांनी गावचं सांगितलं. परभणीकडचं गाव. बौद्धवाड्यातलं घर. आजोबा गावच्या एका मोठ्या घरचा घोडा सांभाळायचे. दाणा, पाणी, मालिश, सगळं. घोडा ऐकायचा तो फक्त आजोबांचं. पण वेशीतून नेताना आजोबांनी दोर धरून चालायचं. बसायचं नाही. अख्ख्या आयुष्यात एकदाही बसले नाहीत.

मी पेटलेच. "मामा, हे लिहायला पाहिजे!"

"लिव्ह. पण म्हातारा चोरून बसायचा. माळावर. माझ्या बापानं बघितलंय. घोडा कुणाला सांगतोय?" आणि तिच्या पाठीवर पाणी ओतत हसले.

मी लिहिलं. आजोबांचं नाही, मामांचं. क्लबाच्या हजेरीपुस्तकात त्यांची नोंद 'मदतनीस' अशी होती आणि शिकवणारे म्हणून जे दोन तरुण टी-शर्ट घालून उभे असायचे त्यांना घोड्यावर बसायला मामांनीच शिकवलं होतं. मी झणझणीत पत्रक काढलं. मथळा होता, 'एका बिचाऱ्या मोतद्दाराची कहाणी'. अभिमानाने त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी मथळ्यावरच बोट ठेवलं.

"बिचारा कोण?"

"म्हणजे... तुमच्यावर अन्याय..."

"अन्याय झाला ते खरं. पण बिचारा कोण? सात जनावरं शिकवली मी. त्यातली तीन चावरी. पायानं अधू असलेली एक पोरगी दुडकीवर बसवली. ह्ये कराया बिचारा लागत नाही पोरी, उस्ताद लागतो. कागद फाड."

मी फाडला. ठकूसमोर फाडला. आता ती भ्यायली नाही.

तेव्हापासून माझं नाव पडलं पत्रकवाली.

आता मामांनी ठकूला घातलेला नियम सांगते, कारण भांडण त्यावरच आहे. नियम असा की तोंड जोरात ओढलं गेलं की थांबायचं. टाच मारली, चाबूक मारला, काही झालं तरी जोवर हात सैल होत नाही तोवर पाऊल टाकायचं नाही. घाबरलेला माणूस नेमका हेच करतो, हात आवळतो आणि टाचा मारतो. मामा म्हणायचे, "एका हातानं दार लावायचं अन् दुसऱ्यानं भाईर ढकलायचं. जनावरानं जावं कुठं?" बाकीची घोडी अशा वेळी उधळतात. ठकू खिळते. हे तिच्या अंगात मुरवायला त्यांना दीड वर्ष लागलं.

याचा पुरावा मी डोळ्यांनी बघितलाय. इथला नवा विमानतळ सुरू व्हायच्या आधी चाचणीची विमानं उलव्यावरून खाली यायची. उलव्याच्याच एक बँकेतल्या बाई, पन्नाशीच्या, पहिल्यांदाच ठकूवर बसलेल्या. विमान डोक्यावरून गेलं. मैदानावरची चार घोडी चार दिशांना पळाली. बाईंनी किंकाळी फोडून दोन्ही हातांनी लगाम ओढला आणि ठकू जागच्या जागी खांब झाली. बाई घसरून थेट तिच्या पोटाखाली पडल्या. ठकूने एक खूर उचलला नाही. मामा धावत आले आणि आधी घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "शाबास माझी बाई." मग खाली वाकून, "तुमाला लागलं का हो बाई?"

बँकेतल्या बाई चिडल्या. "आधी घोडीला विचारता?"

"तिनं वाचवलं तुमाला. मी आत्ता आलो."

तक्रार करते म्हणत गेलेल्या त्या बाई पुढच्या रविवारी परत आल्या आणि ठकूच हवी म्हणाल्या.

आणि मग नाताळच्या सुट्टीतला तो रविवार. क्लबाचा वार्षिक दिवस. खुर्च्या, मंडप, कॅमेरे. मॅनेजरच्या ओळखीचे कोणी पाहुणे, उंच बूट, काळी टोपी, त्यांना ठकूवरून दोन फेऱ्या मारायच्या होत्या. मामांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "साहेब, आज येऊन अर्धा तास बसा. हात सैल ठेवायची सवय करा." साहेब म्हणाले, "मी लहानपणापासून राइड करतो."

साडेनऊला साहेब बसले. बसताक्षणी लगाम खेचला. ठकू थांबली. टाच मारली. ठकू उभी. चाबूक काढला, एक, दोन, तीन. तिच्या कातडीवर वळ उठताना मला दिसत होते. ती उभीच. मंडपात हशा. साहेब लाल होऊन उतरले. मॅनेजर धावत मामांकडे. "मामा, प्लीज, काहीतरी करा, माझी इज्जत जातेय. तिला चालवून दाखवा."

मामांनी स्लीपर काढून कुंपणाशी नीट जोडीने ठेवल्या. तिच्या अंगावरचे वळ हाताने पुसले, जणू पुसता येतात. लगामाच्या दोन्ही पट्ट्यांची गाठ मारून तिच्या मानेवर टाकली आणि बसले. हात मांडीवर. हातात काहीच नाही.

ती फेरी मी कशी सांगू? चाल, दुडकी, पुन्हा चाल. मध्ये आठाचा आकडा, दोन्ही बाजूंनी. एकदा मागे, चार पावलं, मोजून. माणूस हलताना दिसतच नव्हता. तीन वर्षांच्या पहाटा त्या घोडीच्या पायांतून चालत होत्या. मी मामांना इतके दिवस बघत होते, पण त्यांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. माळावर चोरून बसणारा म्हातारा असाच दिसत असेल.

दुसरी फेरी सुरू झाली आणि माईक खरखरला. मॅनेजर. "ओके, ओके, बास. मामा, खाली उतरा. मेन फोटो राहिलेत आणि तुमचे कपडे बघा ना जरा. बाकीच्यांना चान्स द्या."

नऊ चाळीस.

मैदानाच्या बरोबर मध्यावर ते उतरले. लगाम तरुण शिक्षकाच्या हातात दिला, अनवाणी चालत कुंपणापर्यंत आले, स्लीपर घातल्या. दीडशे माणसांतलं एकही उठून उभं राहिलं नाही. मीही नाही. पत्रकवाली! मी तेव्हा मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होते, पुरावा म्हणून. तोंड उघडायचं मला सुचलंच नाही. हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. कारण सांगितलं की घोडी बिघडवली. फक्त स्वतःचं ऐकावं म्हणून मुद्दाम तशी शिकवली. मी मॅनेजरला नियम समजावायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, घोडी बंद पडते. बंद पडणारी गाडी कोण ठेवतं? महिनाभर बघतो, नाहीतर देऊन टाकतो डोंगरावर, टुरिस्टसाठी." डोंगरावर म्हणजे दिवसभर वेगवेगळे हात आणि प्रत्येक हात ओढणारा. ठकू दर वेळी थांबणार आणि दर वेळी मार खाणार. तिला दुसरं काही येत नाही. जे उत्तम शिकवलं गेलं तेच तिच्या जिवावर उठणार.

मामांनी भांडायला नकार दिला. बहिणीकडे परभणीला जातो म्हणाले. जायच्या सकाळी मला फोन केला, "क्लबाच्या मागल्या रस्त्यावर ये."

मी गेले तर हातात कापडी पिशवी घेऊन ते कुंपणापासून बरंच लांब, विजेच्या खांबापाशी उभे. आत ठकूला नवा माणूस फिरवत होता. मी म्हटलं, "चला ना जवळ, एकदा हाक तरी मारा तिला."

त्यांनी चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडली. माती आमच्याकडे आली.

"वारा तिकडून हाय," ते म्हणाले. "हितं उभं राहिलं तर माझा वास जात नाही तिला. तिकडून गेलो की आली कुंपणाला. मग हलायची नाही. अन् मी गेल्यावर मार पडंल."

आम्ही तिथेच उभे राहिलो. त्यांनी डोळे बारीक करून आत बघितलं. नवा माणूस आखडून चालत होता, दोर मुठीत आवळलेला.

"माणूस वाईट नाही," मामा म्हणाले. "भेलाय. त्याला सांग, मूठ उघड म्हणावं. आन् डाव्या मागल्या पायाची नाल सैल झालीय, उद्याच्याला बसवून घे."

वारा जरा फिरला तसे ते लगेच चार पावलं सरकले. मग पनवेल स्टँडच्या दिशेने चालायला लागले, शेतातून, लांबचा फेरा घेऊन, सबंध वेळ वारा तिच्याकडूनच येईल अशा बाजूने राहून. एकदाही वळले नाहीत. आत ठकूने मात्र मान वर केली होती. दोन्ही कान पुढे. काहीतरी शोधत होती, सापडत नव्हतं.

हे मी तुम्हाला हळहळायला सांगितलेलं नाही. महिना संपायला अकरा दिवस आहेत. मी नाल बसवून घेतली, नव्या माणसाला मूठ उघडायला सांगितली, तो बिचारा प्रयत्न करतोय. पुरेसं नाही. उलव्याच्या बँकेतल्या बाईंची पहिली सही माझ्याकडच्या कागदावर आहे, दुसरी माझ्या बाबांची आहे, खाली लोखंड बाजारातल्या माथाड्यांचे अंगठे आणि सह्या आहेत. ज्यांची मुलं ठकूवर बसून घोडेस्वारी शिकली, त्या तुमच्या जागा मात्र रिकाम्या आहेत. मागणी एका वाक्याची आहे: दौलत खिल्लारे यांना परत बोलवा, मदतनीस म्हणून नव्हे, उस्ताद म्हणून, आणि ते येईपर्यंत ठकूला कुठेही पाठवू नका. या रविवारी सकाळी नऊला मी क्लबाच्या गेटवर कागद घेऊन उभी असेन. तुम्ही त्या दिवशी खुर्चीवर बसून राहिला होता. मीही बसले होते. या रविवारी या आणि सही करा.